पाळकांच्या बैठकीबाहेर

दार अगदी हळू मिटलं. वरच्या बाजूला तो लोखंडी कोपर बसवलेला असल्यामुळे त्याला आपटायची सोयच नव्हती. आपटलं असतं तर शशिकलेला जरा बरं वाटलं असतं. ‘सिस्टर, आता तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा, आम्ही प्रार्थना करून विचार करतो,’ असं पास्टर कोशी इंग्रजीत म्हणाले होते, हसून, मान किंचित कलती करून, दाढ काढण्याआधी दाताचा डॉक्टर बोलतो तसं. त्यात वाईट काही नव्हतं. उमेदवारानं उपदेश करायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मग बाहेर बसायचं ही रीतच आहे, आणि आत बसलेल्या सगळ्यांपेक्षा शशिकला ती रीत जास्त वर्षं ओळखत होती. तरी ‘बाहेर’ हा शब्द तिला टोचला. पन्नाशीला टेकलेली बाई, कतारमधल्या रास लाफान बंदराच्या प्रयोगशाळेत गॅसचे नमुने तपासणारी, जिची सही झाल्याशिवाय जहाज धक्क्यावरून हलत नाही, ती पर्स छातीशी धरून कॉरिडॉरमध्ये उभी होती आणि भिंतीवरची अग्निशमनाची सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. अरबीसुद्धा वाचली असती, येत असती तर.

शुक्रवारी दुपारी अबू हमूरच्या त्या आवारात जत्रा असते. देशातल्या झाडून सगळ्या चर्चांना एकाच कुंपणात जागा, त्यामुळे एका खोलीतून तेलुगू गाणं येतं, शेजारून फिलिपिनो गिटार, आणि पलीकडच्या दारात आधीच्यांची वेळ कधी संपते म्हणून इथिओपियन बायका पांढऱ्या चादरी पांघरून शांतपणे उभ्या असतात. करोनाच्या बंदीनंतर आवार पुन्हा उघडलं होतं. फाटकावर फोनमधल्या करोना-ॲपचा हिरवा चौकोन दाखवायचा, तोंडावर मास्क, आणि मगच आत. बाहेर मात्र अख्ख्या दोहाला फुटबॉलचं बाशिंग बांधलं होतं. वर्षभरानं येणाऱ्या मोठ्या स्पर्धेची रंगीत तालीम म्हणून अरब देशांची स्पर्धा चालू होती, दिव्याच्या प्रत्येक खांबावर झेंडा होता, आणि काल होता तो रस्ता आज जागेवर सापडेल याची खात्री नव्हती. घरून, अल खोरहून येताना धवलनं दोनदा वळण चुकवलं होतं. धवल तिचा नवरा. तिला फाटकापाशी सोडताना म्हणाला, “पास झालीस तर फोन कर, नापास झालीस तर जेवायला बाहेर जाऊ.” मग स्वतःच्याच विनोदावर हसला आणि तिचा चेहरा बघून गप्प झाला. बिचारा. त्याला आपलं वाटलं, ती घाबरलीय. ती घाबरलेली नव्हतीच. तिला ते हवं होतं. आयुष्यात इतकं उघडंवाघडं तिला काहीच हवंसं वाटलं नव्हतं, नोकरीसुद्धा नाही, आणि त्या हवं असण्याचीच तिला लाज वाटत होती.

हवं होतं ते एवढंच. दोहातल्या मराठी मंडळीला, म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांच्या चर्चला, पाळक नव्हता. गजेंद्र नावाचा एक भला सुपरवायझर दर शुक्रवारी उपदेश करायचा, त्याची नोकरी टाळेबंदीत गेली आणि तो संगमनेरला परतला. मागे राहिली दोन-चार इंजिनियरांची कुटुंबं, दोन नर्सा, आणि बाकी सगळे ड्रायव्हर, वेल्डर, सुतार, बायकापोरं गावाकडे ठेवून आलेले. त्यांच्यासाठी फोनवरून उपासना कुणी घ्यायची, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी शशिकलेकडे पाहिलं, कारण ती पाळकाची मुलगी. पाळकाच्या मुलीला सगळं येतं असा लोकांचा समज असतो, सोनाराच्या मुलीला सोनं कळतं तसा. तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि सुरुवात केली. पलीकडे कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत सहा जण आणि फोन एक. तो फोन ते पलंगावर उताणा ठेवायचे, म्हणजे आवाज सगळ्यांना सारखा. त्यामुळे शशिकलेला दिसायचा फक्त छताचा पंखा. ती कित्येक महिने त्या पंख्याला उपदेश करत होती. पंखा फिरत असला की लोक आहेत असं समजायचं. एकदा तो थांबला. वीज गेली असेल म्हणून तीही थांबली, तर पलीकडून आवाज आला, “बोला ताई, पंखा आमीच बंद केला. तुमचं नीट ऐकू यावं म्हनून.” त्या दिवशी लॅपटॉप मिटल्यावर ती न्हाणीघरात जाऊन रडली, आनंदानं रडली, आणि बाहेर येऊन डाळ फोडणीला टाकली.

आता भेटीगाठी सुरू झाल्यावर मंडळीनं ठरवलं की शशीताईंनाच रीतसर उपदेशक करायचं. रीतसर म्हटलं की बैठक आली. दोहातल्या सगळ्या भारतीय भाषांच्या मंडळ्यांचे पाळक महिन्यातून एकदा इथं जमतात. आठवडाभर कुणी विम्याच्या कचेरीत, कुणी शाळेत, कुणी गोदामात, आणि शुक्रवारी पाळक. मल्याळम मंडळीचे कोशी अध्यक्ष. नवा उपदेशक नेमायचा तर त्यानं या सगळ्यांपुढे उपदेश करावा, मग त्यांनी त्याला पारखावं, असा पायंडा. शशिकलेनं बायबलातल्या रानातल्या विहिरीच्या उताऱ्यावर इंग्रजीत उपदेश केला. बरा झाला. मराठीत झाला असता तसा नाही, पण बरा. मग प्रश्न. सगळ्यात तिरका प्रश्न टाकला तमिळ मंडळीच्या वृद्ध पास्टर ज्ञानमुत्तूंनी. ते मदुराईचे, शाळामास्तर, चष्म्यावरून बघणारे. “कॅम्पातला माणूस रात्री मरणाच्या दारात असेल तर तुम्ही त्या पुरुषांच्या खोलीत जाऊ शकाल? फाटकावरचा पहारेकरी तुम्हाला सोडेल?” तिनं खरं ते सांगितलं, “नाही सोडणार. दारापर्यंत जाईन, आत बाजीरावदादांना पाठवीन.” कुणीतरी लिहून घेतलं. ज्ञानमुत्तूंनी नुसती मान हलवली, होकाराची की नकाराची ते तमिळ माणसाच्या मानेवरून कळायला एक जन्म पुरत नाही.

बाजीरावदादा आत होते. ही त्यातली दुसरी रीत. उमेदवार बाहेर बसतो, पण त्याच्या मंडळीचा माणूस आत बसतो. मंडळीनं दोघांना नेमलं होतं, पैकी एकाची शिफ्ट बदलली, म्हणून एकटे बाजीराव. नेवाशाकडचे, कंपनीची बस चालवणारे. अल खोरच्या बाहेर ते तंबूच्या आकाराचं अगडबंब स्टेडियम उभं राहिलं, त्याच्या सुतारांना आणि रंगाऱ्यांना पाच वर्षं त्यांनीच पहाटे नेलं आणि संध्याकाळी आणलं. इंग्रजी शून्य. हिंदी पोटापुरतं. आज इस्त्रीचा शर्ट घालून, हातरुमाल घडी करून मांडीवर ठेवून ते सगळ्या पास्टरांच्या मध्ये बसले होते, आणि आत काय चाललंय त्यातलं त्यांना कितपत कळत असेल या विचारानं शशिकलेचा जीव खालीवर होत होता. आपली वकिली करायला आपण कुणाला बसवलंय, असं तिच्या मनात आलं, आणि ते आल्याबद्दल तिनं लगेच स्वतःला फटकारलं.

कॉरिडॉरमध्ये खुर्ची नव्हती. तिला वडिलांच्या ओट्याची आठवण झाली, तिथं निदान चिंचेची सावली तरी होती. आबासाहेब, तिचे वडील, नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात पाळक होते. दर महिन्याला पाळकांची बैठक वेगवेगळ्या गावी भरायची, आणि आपल्या घरची पाळी आली की शशिकलेला सण वाटायचा, कारण त्या दिवशी मटण. कुणी एसटीनं यायचे, कुणी सायकलवर, धोतराचा सोगा चेनमध्ये अडकू नये म्हणून पायाला सुतळी बांधून. गळाभेटी, प्रार्थना, एकमेकांच्या तब्येती, मग एकानं लिहून आणलेला निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याची पिसं काढायची. जेवणानंतर एखादा नवखा उमेदवार. त्याला बाहेर ओट्यावर बसवलं की शशिकला तांब्याभांडं घेऊन जायची. एक होता, कोवळा, शिंद्यांचा कुणी, त्यानं भरलेलं भांडं नुसतंच हातात धरून ठेवलं. त्यानं तिला हळूच विचारलं, “आत काय चाललंय गं?” ती स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकून आलेली. म्हणाली, “हसतायत.” तो इतका मोकळा झाला की पाणी एका दमात प्यायला. खरं तर ते दुसऱ्याच गोष्टीला हसत होते, पण ते तिनं सांगितलं नाही. घरी पाहुणे नसले की ती धाकट्या भावाबरोबर बैठक-बैठक खेळायची. अध्यक्ष कायम तीच. भावाला प्रश्न विचारून त्याला बाहेर काढायचं, आणि आत एकटीनं मतं मोजायची. भाऊ बाहेर कंटाळून निघून जायचा.

आबासाहेब दाढी करता करता इतिहास सांगायचे, गालाला फेस असला की त्यांना बोलायला जोर यायचा. ज्या अमेरिकन मिशननं नगर जिल्ह्यात शाळा आणि चर्चं काढली, त्या मिशनरींच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या गावांची ती गोष्ट. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. बर्फात बुडालेली गावं, प्रत्येक गावाची मंडळी स्वतंत्र, स्वतःचा पाळक स्वतः निवडणारी, वर ना बिशप ना पोप. पण पाळकही माणूसच, एकटा पडतो. म्हणून ते घोड्यावर बसून एकमेकांच्या घरी जमायला लागले. जेवायचे, प्रार्थना करायचे, अडलेल्याला सल्ला द्यायचे. मग काहींना वाटलं, नुसता सल्ला कशाला, हुकूमच देऊ. नवा पाळक आम्ही पसंत केल्याशिवाय बसायचा नाही. तेव्हा एका खेड्यातला पाळक असा काही कडाडला की विचारू नका. म्हणाला, आमचे बाप समुद्र ओलांडून आले ते काय नवे बिशप करून ठेवायला? कुठं हुकूमवाले जिंकले, कुठं सल्लावाले. “आपण सल्लावाल्यांच्या वंशातले,” आबासाहेब वस्तरा धुता धुता म्हणायचे. “बैठक सल्ला देते शशे. हुकूम द्यायला लागली की ती कचेरी झाली.” त्या वयात तिला त्यातलं बर्फ आणि घोडे तेवढे आवडायचे.

आई, तानूबाई, या सगळ्या काळात चुलीपुढे. तिला कुणी बैठकीत बोलावलं नाही, तिनं कधी तसं म्हटलंही नाही. पण प्रत्येक उमेदवाराबद्दल तिचं मत ठाम असायचं आणि ते ती पाहुणे गेल्यावर भांडी घासता घासता द्यायची. अमका वाढताना वर बघत नाही, गर्विष्ठ आहे. तमक्यानं आपलं ताट उचललं, त्याला गरिबांची मंडळी द्या. आबासाहेब काही बोलायचे नाहीत, पण पुढच्या महिन्यात बहुधा तसंच व्हायचं. बैठकीचं निम्मं शहाणपण आमच्या राखेत बसून भांडी घासत होतं, असं शशिकलेला पुढं कितीदा तरी वाटलं, आणि त्यावर ती नवऱ्याशी हसलीही होती. आज हसू आलं नाही. आई कधी ओट्यावरसुद्धा बसली नव्हती. ओटा उमेदवाराचा. तिथं बसायलाही आधी कुणीतरी आत बोलवावं लागतं.

घसा कोरडा पडला म्हणून ती कॉरिडॉरच्या टोकाच्या पँट्रीत पाण्यासाठी गेली. तिथं विजेची किटली, डब्यातलं दाट दूध, साखर, वेलदोड्याची पुडी, कागदी पेल्यांची चळत. आतून कोशींचा संथ आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पुढं काय झालं ते तिलाही नीट सांगता येणार नाही. पाणी प्यायला किटली कशाला लागते? पण तिनं ती भरली. उकळी आली, पत्ती पडली, वेलदोडा दाताखाली धरून फोडला, आई फोडायची तसा, आणि मन हलकं झालं. कितीतरी वेळानं हातांना येतं असं काहीतरी सापडलं होतं. तिनं पेले भरले, ट्रेमध्ये मांडले, खांद्यानं दार ढकललं आणि आत गेली. आत, म्हणजे जिथं तिच्याबद्दल चर्चा चालली होती आणि ती संपेपर्यंत जिथं तिनं पाऊल टाकायचं नव्हतं, त्या खोलीत. जगातल्या कुठल्याही उमेदवारानं अशी चूक केली नसेल. पाळकाच्या घरात वाढलेल्या मुलीलाच ती जमावी.

कोशी अर्ध्या वाक्यात थांबले. शशिकलेच्या लक्षात आलं तेव्हा ती मधोमध उभी होती, पेल्यांतून वाफ येत होती, आणि मागे जायचं की पुढे हे पायांना कळत नव्हतं. मग कोशींनी एक पेला उचलला, घोट घेतला आणि प्रेमानं, खरोखर प्रेमानं, म्हणाले, “बघा बंधूंनो, मी हेच म्हणत होतो. आपल्या बहिणीला देवानं सेवेचं दान दिलंय. प्रत्येकाला ज्याचं त्याचं दान.” दोघातिघांनी हसून माना डोलावल्या. शशिकलेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं स्वतःच्या हातानं, वेलदोडा घालून, त्यांना पुरावा आणून दिला होता. ज्ञानमुत्तू चष्म्यावरून बघत होते, त्यांनी पेला घेतला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाजीराव उठले, हातरुमाल खिशात घातला आणि तिच्या हातातला ट्रे घेतला.

“द्या ताई इकडं,” ते मराठीत म्हणाले, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. “च्या मी देतो समद्यास्नी. तुमी बाहीर बसा. आज तुमचा मान हाय बाहीर बसायचा.”

ती या खेपेस कॉरिडॉरमध्ये थांबली नाही, सरळ आवाराच्या पार्किंगपर्यंत गेली आणि दोन गाड्यांच्या मधल्या कठड्यावर बसली. डिसेंबरची हवा सुखाची होती आणि ते तिला आवडलं नाही. राग आला होता, पण कोशींचा नाही. त्या माणसानं तर कौतुक केलं. राग आपल्या हातांचा. वर्षभर या तोंडानं माणसांना धीर दिला, आई मेली तरी गावी जाता न आलेल्या सुताराला फोनवरून रात्री निजवलं, आणि कसोटीच्या वेळी तोंड बाजूला राहिलं, हात पुढे झाले. आता काय होणार तेही तिला दिसत होतं. गेल्या महिन्यापासून कोशी सुचवत होते की मराठी मंडळीनं तूर्त हिंदी मंडळीत सामील व्हावं. चांगले लोक आहेत तेही. पण बाजीरावांसारखी माणसं हिंदीत फोरमनशी बोलतात, देवाशी नाही. आठवड्यातला एक तास तेवढा त्यांच्या घरच्या भाषेचा, तो गेला की ती माणसं शुक्रवारी झोपून राहणार. आणि नाही म्हणावं, आपलं आपण चालवावं, तर मूठभर माणसं परक्या मुलखात सगळ्यांपासून तुटलेली. उद्या कुणाचं लग्न निघालं, कुणाला पुरायची वेळ आली, तर शेजारच्या खोलीतला एक पाळकही यायचा नाही. आबासाहेबांच्या गोष्टीतली माणसं बर्फातून घोडे काढून का जमायची ते तिला या कठड्यावर, वाळवंटात बसून कळलं. एकट्याला बरोबर असून भागत नाही.

फोन वाजला. मुलीचा, ईराचा मेसेज. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. डिड यू विन? शशिकलेनं लिहिलं, ही मॅच नाही. लगेच उत्तर आलं, मम्मा, धिस इयर एव्हरीथिंग इन कतार इज अ मॅच. पाठोपाठ एक हृदय. शशिकलेला मास्कच्या आत हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरले, असं एकाच वेळी दोन्ही होण्याची तिला सवय नव्हती. तिनं मास्क काढून नाक पुसलं. समोरून बाजीराव येत होते, शर्टाच्या बाहीवर चहाचा डाग.

“खलास,” ते म्हणाले आणि तिच्यापासून हातभर अंतर राखून कठड्यावर बसले.

“काय झालं दादा?”

“सल्ला झाला. शेवटी हिंदीतनं सांगितलं मला, येक वरीस थांबा म्हनत्यात. तवर हिंदीवाल्यांत बसा. तवर कुनी मराठी बाप्या आला तर बघू. समद्यांचं न्हाई तसं, दोघं-तिघं तुमच्या बाजूनं बोलले. पर जास्ती तिकडं.”

तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. नखाखाली काटा मोडावा तसं, बारीक आणि खोल. “बरं,” ती म्हणाली. “मग आता सगळ्यांना सांगायला हवं. वर्षभर—”

“सांगितलं की म्या. तितंच.”

“कुणाला?”

“सायबास्नी. म्हनलं, साब, सलाह के लिए शुक्रन. हमारे नगर में ऐसा है, मंडली चुनती है, पालक लोग सलाह देते हैं. सलाह मिल गई. अगले शुक्रवार उपदेश शशीताई करेंगी, आप सब आना.” त्यांनी बाहीवरचा डाग अंगठ्यानं घासला. “खोलीची येळ मंडळीच्या नावावर हाय, पाळकाच्या न्हाई. ते म्या हापिसात कालच इचारून ठिवलं व्हतं.”

“दादा, तुम्ही असं म्हणालात? त्यांच्या तोंडावर?”

“मंग कुटं म्हनायचं? ताई, आपुन इचारायला न्हवतो आलो. कळवायला आल्तो. चार वडीलधारी मान्सं हायेत, त्यांच्या कानावर घालावं, त्यांचं ऐकून घ्यावं, म्हनून. मंडळीनं तर कवाच ठरवलंय. आमी पंखा बंद केला त्याच दिशी.” मग जरा थांबून, दुखावणार नाही अशा बेतानं ते म्हणाले, “येवडं समद्यास्नी ठावं व्हतं. तुमालाच न्हवतं.”

पाळकाची मुलगी, अख्खी रीत तोंडपाठ, घोडे आणि बर्फ आणि वस्तऱ्यासकट, आणि ती परवानगी मागायला आली होती. नेवाशाच्या ड्रायव्हरला शाळेत चौथीच्या पुढे कुणी बसवलं नाही, पण तो ज्या मंडळीत वाढला तिथं हात वर करून पाळक निवडताना त्यानं आपल्या बापाला पाहिलं होतं, एवढाच काय तो फरक. छातीत काहीतरी सैल होत होतं. आनंद होता तो, पण त्याच्या पाठीला भीती बांधलेली होती, ती उतरली नव्हती. “दादा, पण आता ते आपल्याला तोडतील. मोठ्या मंडळ्या आहेत त्या. आपण केवढेसे.”

“तोडूंद्यात,” बाजीराव म्हणाले, पण ते शब्द त्यांनाही जड गेले हे तिला दिसलं. पार्किंगमध्ये एक टॅक्सी आली, चार फिलिपिनो मुली हसत उतरल्या, आणि आवाराच्या भिंतीपलीकडून मोटारींचे हॉर्न ऐकू आले. कुणाचा तरी संघ जिंकला असावा.

बैठक संपून पास्टर मंडळी बाहेर पडू लागली. कोशींनी लांबून हात हलवला, हसू होतं पण आखडतं, आणि ते गाडीकडे वळले. बाकीचेही पांगले. ज्ञानमुत्तू सगळ्यात शेवटी आले. छत्री काठीसारखी टेकत ते पार्किंग ओलांडून सरळ या दोघांच्या दिशेनं येत होते. शशिकला उठून उभी राहिली, बाजीरावही उठले. म्हातारा पुढ्यात येऊन थांबला, दम खाल्ला, आणि शाळेत निकाल वाचतात तशा इंग्रजीत म्हणाला, “मी तुमच्याविरुद्ध सल्ला दिला. तुम्हाला ते दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगतो.”

“हो पास्टर.”

“माझं मत अजून तेच आहे. बाई नको असं नाही. त्या फाटकाच्या पहारेकऱ्याचा प्रश्न सुटलेला नाही. तुम्ही एक वर्ष थांबला असतात तर बरं झालं असतं.”

“हो,” ती म्हणाली. यावर दुसरं काय म्हणणार?

“तुमच्या मंडळीनं सल्ला ऐकला नाही. तो त्यांचा हक्क आहे. या गृहस्थांचं हिंदी वाईट आहे, पण म्हणणं बरोबर आहे.” त्यांनी बाजीरावांकडे पाहिलं, बाजीरावांनी न समजता नमस्कार केला. “मदुराईतही अमेरिकन मिशनच होतं. तुमच्याच घराण्यातलं. आमच्याकडे नव्या पाळकाला शेजारच्या मंडळीचा पाळक उजवा हात देतो. म्हणजे, तुम्ही आमच्यातले. माझे वडील म्हणायचे, ज्याचा सल्ला मोडला त्यानं हात पहिल्यांदा द्यावा. नाहीतर लोक म्हणतात रुसला.”

आणि त्यांनी हात पुढे केला. गेली दोन वर्षं कुणी कुणाला हात दिला नव्हता. कोपर लावायचे, छातीवर तळवा ठेवायचे, लांबून मान हलवायचे. शशिकलेच्या उजव्या हातात पर्स होती, ती तिनं डाव्या हातात घेतली, ती निसटली, बाजीरावांनी उचलली. म्हाताऱ्याचा हात तोवर तसाच हवेत, न कंटाळता. तिनं तो धरला. कोरडा, हाडकुळा, उबदार हात. आजवर तिनं किती जणांना किती काय काय हातानं दिलं होतं, आज पहिल्यांदा कुणीतरी नुसता हात दिला. ती रडली नाही. रडायचंच नव्हतं तिला.

“शुक्रवारी किती वाजता?” ज्ञानमुत्तूंनी विचारलं.

तिनं वेळ सांगितली. मग म्हणाली, “पण पास्टर, उपदेश मराठीत असेल. तुम्हाला कळणार नाही.”

“नाही कळणार,” ते म्हणाले. “मी पुढच्या ओळीत बसेन. तुम्ही मोठ्यानं बोला, मला ऐकू कमी येतं.”